अर्धा शब्द

सिग्नल लाल झाला म्हणून रिक्षा थांबली, आणि रिक्षा थांबली म्हणून अरुणाबाईंना आपलं कोपर दिसलं. त्यांचं आत्ताचं कोपर पदराखाली होतं, भाजीच्या पिशवीच्या बंदात अडकलेलं, आणि सकाळी त्याला चोळलेल्या मलमाचा वास अजून गेला नव्हता. दिसलं ते दुसरंच. तुर्भे नाक्यावरच्या खांबाला नवा फ्लेक्स बांधला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'खाडीपट्ट्याचा आवाज हरपला', मध्ये हार घातलेला धर्मराज. त्याच्या पायाशी काळे चष्मे लावलेल्या पंधरावीस पोरांची तोंडं, प्रत्येकाच्या नावापुढे 'शोकाकुल' आणि प्रत्येकजण लग्नाला निघाल्यासारखा. धर्मराजचा फोटो जुना होता, कॅसेटवरचा. त्या फोटोत त्याच्या शेजारी एक पोरगी उभी होती. फ्लेक्सवाल्यानं तिला कापून टाकलं होतं. पण धर्मराजचा उजवा हात तिच्या बाजूला गेलेला, आणि हात ठेवायचा तर तिचं कोपर ठेवणं भाग होतं. म्हणून ते राहिलं. गव्हाळ कातडी, पोपटी ब्लाउजची कड, आणि खाली तीनचार हिरव्या बांगड्या. एवढीच पोरगी शिल्लक होती.

"आई, हे गेले?" शेजारी बसलेल्या निशिगंधानं मान वाकडी करून बाहेर बघितलं. निशिगंधा म्हणजे अरुणाबाईंची सून, माहेर साताऱ्याकडचं, नोकरी महापेला. "अहो, हळदीचं ते गाणं यांचंच ना? आमच्या हळदीत तुमच्या सगळ्या बायका नाचल्या होत्या बघा त्याच्यावर. मला तर एक शब्द कळत नव्हता." आणि लगेच तिनं मोबाइल काढला. हल्लीच्या पोरांचं दुःखसुद्धा आधी बोटांत येतं. गाणं लागलं, पण ते जुनं नव्हतं. नव्या पोरापोरीनं गायलेलं, खाली मशिनचा ठोका, धडधड धडधड. पोरगा म्हणाला, सूर्य चालला गो खाडीच्या पान्यान. शब्द पुरा झाला, ठोका पडला, आणि मग पोरगी अगदी वेळेवर आली. थांब रं जरा, माजी हलद हाय ओली. सगळं जिथल्या तिथे होतं. अरुणाबाईंना एकदम कसंतरी झालं. रोजच्या जिन्याची एक पायरी कमी व्हावी आणि पाय हवेत पडावा, तसं.

सिग्नल सुटला. रिक्षा वळली. "कशानं गेले असतील?" निशिगंधा विचारत होती, आणि "वय झालं असेल," असं काहीतरी अरुणाबाई म्हणाल्या. वय कुठलं झालं होतं! त्यांच्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा, म्हणजे काही म्हातारा नव्हे. दिवाळीच्या सुमारास गोटीराम गेला, बँजोवाला, आणि तेही त्यांना महिनाभरानं कळलं, मासळीबाजारात, सुकट घेता घेता. तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला होता तो धर्मराजचा, की आता तो कुणाच्या बँजोवर गाईल. आता त्याचीही काळजी मिटली. रस्त्याच्या कडेला एकामागून एक कंपन्यांची फाटकं मागे पडत होती, त्यांतली अर्धी त्यांच्या माहेरच्या शेतांवर उभी होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अरुणाबाईंना वाटलं की आपलं असं आता कुणीच राहिलं नाही. नवरा होता, मुलगा होता, ही शेजारची सून होती, सगळी मायेची होती. तरी वाटलं. कारण या सगळ्यांची होती ती अरुणा. गोजराला ओळखणारी माणसं होती दोन, आणि दोन्ही गेली.

गोजरा हे त्यांचं माहेरचं नाव. पावणे गावची गोजरा. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं 'अरुणा' लिहिलं गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली, आणि गोजरा त्या तांदळांखाली गेली ती गेलीच. तशी पद्धतच होती, त्याबद्दल रडावं असं तेव्हा कुणाला सुचलंही नसतं. उरणच्या सासूबाई वाईट नव्हत्या. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी धुणं वाळत घालताना त्यांनी सहज सांगितलं, "आमच्यान सुना चुलीपाशी गातान, बाय. इस्टेजवर नाय." आवाजही चढवला नाही. अरुणानं मान डोलावली आणि चिमटा लावला. भांडण झालं असतं तर बरं, असं पुढे कधीकधी वाटे. भांडणाची निदान आठवण राहते, त्याला धरून रागावता येतं. इथे नुसतं एक धुणं वाळत राहिलं. नंदकुमार, म्हणजे नवरा, बंदरात कंटेनरच्या ऑफिसात कामाला, मुळात कमी बोलणारा. त्याला सगळं माहीत होतं. कॅसेट त्यानंही ऐकली होती, लग्न ठरायच्या आधी. पण त्या विषयावर दोघांनी जी मिठाची गुळणी धरली, ती नेरूळच्या या फ्लॅटमध्ये येऊनही सुटली नाही. कुणाच्या हळदीत ते गाणं लागलं की तो उठून मांडवाबाहेर जाई. पान खायला. पानाचा शौक त्याला नव्हता.

घरी आल्यावर अरुणाबाईंनी भाजी निवडायला घेतली आणि मेथीच्या काड्या ठेवून पानं टाकून दिली. लक्षात आलं तेव्हा पुन्हा सगळं उपसलं. डोळ्यांपुढे ती खोली होती. दादरकडचं कुठलंसं स्टुडिओ म्हणवणारं घर, भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे पुठ्ठे लावलेले, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज आत जाई. त्या वेळी सगळी पार्टी एकदम वाजवायची. एकानं माती खाल्ली की सगळ्यांनी पहिल्यापासून. मधोमध एकच माइक, त्याच्या एका बाजूला धर्मराज आणि दुसऱ्या बाजूला गोजरा, वय एकोणीस, आयुष्यात पहिल्यांदा खाडी ओलांडलेली. गळा होता, पण मात्रा मोजता येत नव्हती. घरच्या हळदीत धवला गाणाऱ्या बायकांच्या मागे गाऊन शिकलेली ती. तिथे कोण मोजतं? पुढची म्हणते, मागच्या ओढतात. म्हणून धर्मराजनं एक रीत काढली होती. तिची ओळ आली की तो उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिच्या कोपराला हलकेच टेकवायचा, आणि ती सुरू व्हायची. कार्यक्रमांतही तसंच. लोकांना वाटे, हात पसरून गायची त्याची लकबच आहे. कॅसेटवर तीच छापली गेली. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, नेहमीसारखे उभे राहा, आणि दोघं नेहमीसारखी उभी राहिली.

तसं काही नव्हतं. हे वाक्य अरुणाबाईंनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला आता धार राहिली नव्हती. धर्मराजचं घर होतं, बायको होती, पाळण्यात मुलगी होती. तो बायकोबद्दल चांगलं बोलायचा आणि गोजराला 'पोरी' म्हणायचा. बोटं कोपराला लागायची ती ठोका सांगण्यापुरती, त्याहून पळभरही जास्त नाही. पण त्या खोलीत, घामाच्या आणि गोणपाटाच्या वासात, तो गात होता, सूर्य चालला गो खाडीच्या... आणि त्याचा आवाज खाली उतरत होता, खरोखर काहीतरी पाण्यात चाललंय असा, आणि गोजराला आपल्या कोपरावर उगाच ऊन पडल्यासारखं वाटू लागलं. आता हात येईल. आता येईल. आणि हात यायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, थांब! थांब रं जरा. त्याचा शब्द अजून तोंडात होता. 'पान्यान'मधलं 'पान्या' झालं होतं, उरलेलं त्यानं तसंच गिळलं आणि तिला वाट करून दिली. ढोलकीवाल्यानं डोळे वर केले. गोटीरामची बोटं बँजोवर क्षणभर अडखळली आणि पुढे धावली. थांबायचं कुणी? धर्मराज थांबला नाही. दुसऱ्या कडव्यात त्यानं तो शब्द आपणहून अर्ध्यात सोडला, तिसऱ्यात सोडला, चौथ्यात सोडला, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की चाल अशीच आहे.

गाणं संपल्यावर काचेपलीकडचा माणूस म्हणाला, पहिल्या कडव्यात बाई लवकर आल्या, परत घेऊ. आणि धर्मराज शांतपणे म्हणाला, "तिची चूक नाय. माजाच हात लागला लवकर. असाच ठेवा." हात लागला नव्हता. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं, तो रुमालानं मान पुसत होता. बाहेर आल्यावर वडापाव खाता खाता गोटीरामनं तिला छळून घेतलं. "गोजरे, तुला घाई कशाला गो एवरी? सूर्य बुरत होता, ठान्याची गारी नव्हती सुटत!" सगळे हसले, तीही हसली, आणि ठसका लागला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सगळ्यांना वाटलं. कॅसेट निघाली आणि उन्हाळ्याच्या लग्नांत खाडीच्या दोन्ही अंगांना एकही मांडव तिच्याशिवाय उभा राहिला नाही. बाया हळद लावता लावता म्हणायच्या आणि बरोबर त्याच जागी, शब्द पुरा व्हायच्या आधी, सगळ्या मिळून ओरडायच्या, थांब! एका पोरीची घाई सगळ्या मुलखाच्या अंगवळणी पडली. कॅसेटवर बारीक अक्षरांत छापलं होतं, साथ : कु. गोजरा. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी 'कु.'ही गेलं आणि 'गोजरा'ही.

त्यानंतर तिनं त्याला समोर गाताना कधी ऐकलं नाही. जमलं नाही असं नव्हे, जमवलं नाही. त्याचा कार्यक्रम जिथे असेल तिथे नेमकं तिचं डोकं दुखायचं. पुढे मोबाइल आले, मोबाइलमध्ये सगळ्यांची सगळी गाणी आली. पण एकदा बघितलं की बघतच बसू, या भीतीनं तिनं ते दारही लावून घेतलं. त्याच्याबरोबर नंतर कितीतरी जणी गायल्या, हे कानावर येई. ते ऐकून वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, आणि वाटायचं. कसं वाटायचं ते सांगता येत नसे. तिच्या जागी दुसरी उभी आहे याचं नव्हे. जागा तर रिकामी राहतच नसते. पण त्यांच्यातली एखादी चांगली शिकलेली, मात्रा मोजणारी असेल, ती वेळेवर येत असेल, त्याला शब्द पुरा म्हणू देत असेल, आणि तोही सुटल्यासारखा पुरा म्हणत असेल, याचं. त्याला आपली आठवण असेल का? हा प्रश्न इतका पोरकट होता की तो कुणापुढे काढायची सोय नव्हती. गोटीराम अधूनमधून बाजारात भेटे, केस पांढरे, हातात पिशवी, तोंड तसंच वात्रट. एकदा, या गोष्टीला तीनएक वर्षं झाली असतील, कोळंबीचा भाव करता करता तो एकदम म्हणाला, "एकदा येऊन ऐक गो त्याला. समोर बसून. मंग तुला कलल." काय कळेल, असं तिनं विचारलं. "आता ता मी सांगू का तुला?" म्हणून तो हसला आणि कोळंबीवाल्या बाईकडे वळला. जाऊ कधीतरी, असं अरुणाबाईंनी ठरवलं होतं. माणसं आपल्यासाठी जिवंत राहणार आहेत, असा एक वेडा भरवसा असतो आपल्याला.

संध्याकाळी निशिगंधानंच विषय काढला. घणसोलीला रविवारी श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, मोबाइलवर आलंय, धर्मराजांच्या गावच्या मैदानात, पाच वाजता. "जायचं का आई? मला बघायचंय तुमच्याकडचं." नंदकुमार टीव्हीपुढे बसला होता. बातम्या चालू होत्या, आवाज बंद होता. अरुणाबाई म्हणाल्या, रविवारी माझं कोपर दुखणार आहे. हे असं पुढच्या दुखण्याचं आधी सांगणं इतकं हास्यास्पद होतं की सून हसली. नंदकुमार हसला नाही. निशिगंधा आत गेल्यावर तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, "जाऊन ये."

"कशाला?"

"जाऊन ये म्हणतो ना." मग त्यानं चॅनेल बदललं. "त्या गान्याला मी भायेर का जातो, कधी इचारलं नाय तू."

"राग येत असेल, म्हणून जात असाल."

"राग?" त्यानं रिमोट उगाच हातात फिरवला. "लोक नाचतान, आन् मना दिसतं, तू ताटं पुसत बसलीस. तुजाच आवाज वाजतोय आन् तू ताटं पुसतेस. आई बोलली तवा मी काय बोललो नाय. बोलायला पायजे होतं. ता बघवत नाय मना." एवढं बोलून त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला. अरुणाबाईंना त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, हे आता कशाला सांगितलंस. इतकी वर्षं मी तुझ्या पानावर रागावून काढली, ती कुठे ठेवू? त्यांनी चहा टाकला. त्याच्या कपात त्या दिवशी साखर जास्त पडली आणि त्यानं तो तळापर्यंत संपवला.

रविवारी मैदानात मंडप होता, पांढरे पडदे होते, आणि बायांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या. समोर धर्मराजचा आणि गोटीरामचा फोटो शेजारी शेजारी ठेवला होता, गोटीरामचा जरा लहान. मेल्यावरही त्याला साथीलाच बसवलं होतं. त्याच्या फोटोपुढे बँजो होता. त्याच्या बटणांवरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले, ते अरुणाबाईंना तिसऱ्या रांगेतूनही दिसले, किंवा दिसले असं वाटलं. मैदानामागे तिवरांची झाडी होती आणि तिवरांमागे खाडी. भरती लागत होती. तो वास, चिखलाचा आणि मिठाचा आणि त्यात मिसळलेला कंपन्यांचा, त्यांनी खोल आत ओढला. भाषणं सुरू झाली. नगरसेवक झाले, माजी नगरसेवक झाले, होऊ घातलेले झाले. प्रत्येकाला धर्मराजनं घरच्यासारखं मानलं होतं. एकानं त्या कॅसेटचं नाव काढलं आणि म्हणाला, "त्या गान्यात दादांच्या संगती जी गोजरा होती, ती आज कुटं हाय, हाय का नाय, कुनालाच म्हाईत नाय." मागे एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "मेली असल ती." अरुणाबाईंनी पदर सावरला. हे ऐकून धक्का बसावा असं काही त्यांना वाटलं नाही. उलट, चला, पोरीचा निकाल लागला, असं वाटून त्यांना थोडं हसूच आलं.

मग पडदा उजळला. मागच्या वर्षीच्या, त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाचं कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्र होतं, हलणारं, मध्येच कुणाचं तरी डोकं आड येणारं. धर्मराज. केस गेलेले, गाल बसलेले, अंगात ढगळ झब्बा. पण उभं राहणं तेच, एक खांदा किंचित खाली. मागे गोटीराम, मान बँजोवर. शेजारी, चांगली हातभर लांब, एक तरुण मुलगी, तिचा माइक वेगळा. अरुणाबाईंनी खुर्चीची कड धरली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या त्याच्यासमोर बसल्या होत्या, आणि तो नव्हता. त्यानं सुरुवात केली. आवाज थकला होता, पण पाण्याकडे उतरायची ती वाट त्याला पाठ होती. सूर्य चालला गो खाडीच्या पान्या... आणि तो थांबला. अर्ध्यात. मुलीचा ठोका अजून यायचा होता. ती नव्या गाण्यावर शिकलेली, तिला वेळ माहीत होती, ती वेळेवर आली. मध्ये एक भोक राहिलं. इतकंसं, पापणी लवेल एवढं. त्यात काही नव्हतं, नुसती मागची खाडी होती.

अरुणाबाईंना वाटलं, दम लागला असेल. म्हातारा माणूस. पण दुसरं कडवं आलं आणि तो पुन्हा तिथेच थांबला, 'पान्या'वर, आणि या वेळी त्यांनी त्याचा हात बघितला. उजवा हात. तो बाजूला गेला, कोपराच्या उंचीवर, आणि दोन बोटं हवेला टेकली. तिथे कुणी नव्हतं. मुलगी हातभर लांब उभी होती आणि गोंधळून त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याची लकब. मागे गोटीरामनं मान वर केली होती आणि तो हसत होता, तसाच, वात्रट. हात लवकर गेला होता. ठोक्याच्या आधी, शब्द पुरा व्हायच्या आधी, बरोबर तेवढाच आधी. तेव्हा न लागलेला हात तो इतकी वर्षं, दर कार्यक्रमात, दर हळदीत, हातभर लांब उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीच्या शेजारच्या हवेत लावत आला होता. स्वतः सांगितलेलं खोटं त्यानं खरं करून टाकलं होतं. समोर बसून ऐक, मग तुला कळेल. गोटीराम, अरे, ओढून का नाही आणलंस मला? केसांना धरून का नाही आणलंस? अरुणाबाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या.

"आई? बरं वाटत नाहीये का?" निशिगंधानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. तिसरं कडवं सुरू झालं होतं. तिवरांमागे सूर्य खरंच चालला होता, कुणी सांगितल्यासारखा. पडद्यावर त्याचा आवाज खाली खाली आला आणि अरुणाबाईंना कोपरावर ऊन पडल्याची जाणीव झाली, मलमाच्या वासासकट, दुखण्यासकट. हात निघाला. आणि तो टेकायच्या आधीच त्यांच्या तोंडून गेलं, थांब! थांब रं जरा, माजी हलद हाय ओली. आवाज जाडा झाला होता, मधे फाटलाही. पण तो त्या भोकात असा जाऊन बसला की पडद्यावरची मुलगी त्यांच्या मागे राहिली. बायांच्या रांगांत माना वळल्या. ती म्हातारी बाई खुर्चीतून अर्धी उठली, "अगो ही... ही तर..." आणि तिनं शेजारणीचा दंड धरला.

"आई, तुम्ही?" निशिगंधा कुजबुजली. "तो आवाज... ती तुम्ही?"

"गोजरा," त्या म्हणाल्या. "माझं नाव गोजरा."

एवढं बोलायला वेळ होता. कारण मध्ये बँजोचा तुकडा होता, लांबलचक, गोटीराम तो कधी आखडता घेत नसे. गोजरा उभीच होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. आता चौथं कडवं. चौथं शेवटचं. त्यात तो सुरुवातीला थोडा हसायचा, हेही तिला आठवलं. बँजो संपत आला, धर्मराजनं माइक जवळ घेतला, तोंड उघडलं, आणि पडदा पांढरा झाला. चित्र घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये जागा संपली होती, की त्याचा हात दुखला होता, कुणास ठाऊक. "धन्यवाद, धन्यवाद," म्हणत निवेदक पुढे आला आणि त्यानं आणखी कुणाला तरी दोन शब्द बोलायला बोलावलं. बायांची कुजबुज वाढली. निशिगंधा काहीतरी विचारत होती. सूर्य तिवरांत टेकला. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ त्याची होती. त्यानं ती म्हटल्याशिवाय हिला येता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोजराला कसलीही घाई नव्हती. कोपर जरासं पुढे काढून ती थांबली.